प्रश्नचिन्हांचं रसग्रहण

समीक्षकाला वाङ्मय कळावं लागतं, असा एक गैरसमज आपल्याकडे पूर्वापार चालत आलेला आहे. मी बी. कॉम. असल्यामुळे त्याचा मला कधी उपद्रव झाला नाही. शिवाय बँकेतल्या वीस-एक वर्षांत हजारो लोकांच्या सह्या, त्यातलं एक अक्षरही न वाचता, 'जुळतात' किंवा 'जुळत नाहीत' असा निकाल मी दिलेला आहे. समीक्षेत याहून वेगळं काय करतात, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. तेव्हा आज समीक्षेसाठी जी कृती घेतली आहे ती प्रथम संपूर्ण देतो :

?????? ??????? ४५०० ????? ??? ????

संपली. कुणाला ही नवकविता वाटेल. तसं वाटण्यात चूक नाही. अल्पाक्षरत्व आहे, ठायी ठायी अस्तित्वाविषयी शंका आहे, आणि मधोमध पैशाचा रोकडा उल्लेख आहे. पण हिच्या कवीला मी चांगला ओळखतो. ती आमची बँक.

झालं होतं असं, की २०१२ च्या पावसाळ्यात आमच्या हेड ऑफिसला मातृभाषेचा उमाळा आला. यापुढे ग्राहकांच्या मोबाइलवर जाणारे निरोप मराठीतून जातील, असं सर्क्युलर निघालं. (ते सर्क्युलर इंग्रजीत होतं.) सोबत दोन नमुने होते. पैसे आले तर 'आपल्या खात्यात अमुक रुपये जमा झाले' आणि गेले तर 'आपल्या खात्यातून अमुक रुपये वजा झाले'. आम्ही ते भिंतीवर डकवलं आणि विसरलो. सर्क्युलर डकवण्यामागचा हेतू तोच असतो.

चौथ्या दिवशी काउंटरवर एक म्हातारी आली. डोक्यावर पोत्याची खोळ, कमरेला पिशवी. पिशवीतून रुमाल, रुमालातून प्लास्टिकचा कागद आणि कागदातून बटणांचा मोबाइल काढून तिने माझ्यापुढे धरला.

"दादा, ह्यो काय म्हंतोय बगा की."

मी पाहिलं. वर दिलेली कविता होती.

"आजी, हा काही म्हणत नाही. हा विचारतोय."

"म्हंजी? काय इचारतुया मला?"

विनोद करायची ती वेळ नव्हती, हे मला तिच्या चेहऱ्यावरून जरा उशिरा कळलं. प्रकरण असं होतं, की तिचे दोन मुलगे. धाकटा पुण्यात, त्याने पैसे धाडतो म्हणून सांगितलेलं. थोरला घरीच, आणि एटीएमचं कार्ड त्याच्याकडे. सकाळी मोबाइल वाजला, त्यात साडेचार हजारांचा आकडा दिसला आणि बाकी सगळी प्रश्नचिन्हं. म्हातारीचा प्रश्न एकच होता. "धाकल्यानं घातलं का थोरल्यानं काढलं, त्येवडं सांगा."

तुम्ही म्हणाल, संगणकात पाहून सांगायचं. अगदी बरोबर. पण त्या दिवशी कनेक्टिव्हिटी नव्हती. हा शब्द उच्चारला की बँकेत आम्हां सर्वांच्या चेहऱ्यावर एक आध्यात्मिक शांती पसरते. म्हातारीच्या चेहऱ्यावर मात्र पसरली नाही. ती बाकावर जाऊन बसली आणि मोबाइलकडे बघत राहिली. थोड्या थोड्या वेळाने वाचायचा प्रयत्न करीत असावी.

मला राहवेना. आमच्या शाखेत नुकताच लागलेला एक संगणकवाला पोरगा होता. त्याला विचारलं, तर त्याने सहज सांगितलं, "काका, जेवढी टोकनं तेवढीच प्रश्नचिन्हं येतात. रिकामी जागा तशीच राहते. इंग्रजी आकडेही तसेच राहतात." (निरोपातला आकडा इंग्रजी होता, म्हणूनच वाचला. छापताना मी तो मराठीत केला आहे.)

इथे टोकन म्हणजे काय ते सांगायला हवं. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत पितळी टोकनं होती. चेक दिला की टोकन मिळायचं, आणि मग माणसाला नाव राहायचं नाही, तो 'सत्तावीस नंबर' व्हायचा. संगणकाचंही तसंच आहे. त्याला अक्षर कळत नाही. (हे ऐकल्यावर मला संगणकाबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.) त्याच्याकडे फक्त नंबर असतात, आणि कुठला नंबर म्हणजे कुठलं अक्षर याची एक यादी असते. मराठीत 'क' ला एक टोकन, काना दिला की दुसरं, पाय मोडला की त्याचंही वेगळं. 'स्त्री' हे आपल्या दृष्टीने एक अक्षर, पण तिला सहा टोकनं लागतात. स, पाय मोडला, त, पाय मोडला, र, दीर्घ वेलांटी.

मी चेकच्या पाठीवर हिशेब मांडला. 'जमा' म्हणजे ज, म, काना. तीन. म्हातारीच्या निरोपात शेवटून दुसरा शब्द तीनच प्रश्नचिन्हांचा होता. मी ओरडणार, "आजी, जमा!" एवढ्यात कमर्शियल मॅथेमॅटिक्सने मागून खांद्यावर हात ठेवला. 'वजा' म्हणजे व, ज, काना. तेही तीनच. आमच्या भाषेत मिळवणं आणि गमावणं यांना सारखीच टोकनं लागतात, हे मला बँकेत इतकी वर्षं काढूनही माहीत नव्हतं.

मग दुसरा शब्द घेतला. 'खात्यात' म्हणजे ख, काना, त, पाय मोडला, य, काना, त. सात. 'खात्यातून' असेल तर ऊकार आणि न आणखी, म्हणजे नऊ. मी मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि पेनच्या टोकाने मोजली. सात. पुन्हा मोजली. सातच. पावसाळा होता. ऊन पडलेलं नव्हतं.

"आजी, धाकट्याने घातलेत."

"नक्की?"

"सात आहेत."

तिला सातचं काही कळलं नाही, पण माझ्या आवाजातला दाब कळला असावा. ती उठली, मोबाइल पुन्हा कागदात, रुमालात आणि पिशवीत गेला. दारापर्यंत जाऊन ती वळली. "सकाळच्यान थोरल्याला लई शिव्या घातल्या वो मी," म्हणाली, आणि पावसात गेली. सव्वातीनला कनेक्टिव्हिटी आली. मी आधी तिचं खातं उघडलं. साडेचार हजार जमा होते. माझ्या आयुष्यातली एवढी एकच समीक्षा खरी ठरलेली आहे.

त्या दिवसापासून या विषयाचा मला नाद लागला. आता मुख्य टीकेला हात घालतो. म्हातारीच्या मराठीला प्रश्नचिन्हं केली कुणी?

मूळ पुरुष अमेरिकन. १९६३ साली त्यांनी 'अ‍ॅस्की' नावाची टोकनांची यादी केली. एकूण टोकनं १२८. इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि उरलेल्या जागांवर यंत्राला द्यायच्या आज्ञा. त्यातलं सातव्या नंबरचं टोकन आलं की पलीकडे घंटा वाजायची. म्हणजे घंटेला जागा होती, 'ळ' ला नव्हती. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. आपल्या गल्लीचं मंडळ काढताना घटनेत कुणी जपानी रहिवाशांची सोय करीत नाही. दोष नंतरच्या लोकांचा, ज्यांनी गल्लीची घटना साऱ्या पृथ्वीला लावली.

मोबाइलच्या निरोपाची कथा युरोपातली. जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाचे गृहस्थ १९८५ साली टाइपरायटरपुढे बसले आणि मनाला येतील ती वाक्यं टाइप करून त्यांची अक्षरं मोजू लागले. बहुतेक वाक्यं १६० च्या आत बसली. पोस्टकार्डं पाहिली, टेलेक्स पाहिले, तेही साधारण तेवढेच. झालं, ठरलं, माणसाला १६० अक्षरांत जे सांगायचं ते सांगता येतं. आता मला सांगा, हा प्रयोग पुण्यात झाला असता तर? १६० अक्षरांत आमच्याकडे 'काय म्हणता, बरेच दिवसांत दिसला नाहीत' हेसुद्धा धड आटोपत नाही. पहिला निरोप ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात गेला. नील पॅपवर्थ नावाच्या बावीस वर्षांच्या इंजिनिअराने तो पाठवला, आणि मजकूर होता नाताळच्या शुभेच्छांचा. नाताळ बावीस दिवस लांब होता. म्हणजे निरोप वेळेवर पोचेल याची खात्री तेव्हाही नव्हती.

या १६० मागे एक हिशेब आहे, आणि तो मी स्वतः तपासला आहे. निरोपाच्या टपालपिशवीत जागा ११२० बिटांची. एकेक टोकन सात बिटांचं केलं तर ११२० भागिले ७, म्हणजे १६०. सात बिटांत टोकनं १२८ च होतात. त्या १२८ त कोण कोण आहे? इंग्रजी आहे, जर्मनांचं, स्वीडिशांचं, स्पॅनिशांचं थोडं थोडं आहे. ग्रीकांची दहा अक्षरं आहेत, तीही फक्त मोठी. म्हणजे ग्रीकांना निरोप ओरडूनच द्यायचा. पौंड आहे, डॉलर आहे, येन आहे. आपण नाही. आपल्यासाठी मागचं दार ठेवलेलं आहे. तिथून आत आलं की एकेक टोकन सोळा बिटांचं. ११२० भागिले १६, ७०. म्हणजे इंग्रजी माणसाला त्याच पैशांत १६० आणि मराठी माणसाला ७०. त्यात आमचे काने, मात्रे, वेलांट्या आणि मोडलेले पाय प्रत्येकी एकेक टोकन खाणार. एवढं करूनही मधल्या एखाद्या यंत्राला हे मागचं दार माहीत नसलं, की तो आमच्या प्रत्येक टोकनाच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवून मोकळा होतो. पुढे भारतीय भाषांसाठी खास यादी निघाली, दहा भाषांची. तिच्यात हिंदी, बंगाली, गुजराती, तमिळ वगैरे सगळे आहेत. मराठीचं नाव नाही. आपण हिंदीच्या टोकनांवर उभं राहायचं. असो.

रुपयाचं तर विचारू नका. १५ जुलै २०१० रोजी सरकारने रुपयाचं नवं चिन्ह मंजूर केलं. डी. उदय कुमार यांनी काढलेलं, वर शिरोरेघ असलेलं, देखणं. आमच्याकडच्या एका उत्साही अधिकाऱ्याने ते इंग्रजी निरोपात घातलं. दीडशे अक्षरांचा निरोप, एका भाड्यात जात होता. पण हे एक चिन्ह त्या १२८ त नाही, आणि नियम असा की एक जरी पाहुणा मागच्या दाराने आला तरी सगळ्या वऱ्हाडाने मागच्या दाराने यायचं. दीडशेच्या दीडशे अक्षरं सोळा बिटांची झाली. ७० च्या वर गेलं की निरोपाचे तुकडे पडतात, आणि तुकड्यांवर क्रमांक टाकायला जागा जाते, म्हणून प्रत्येक तुकड्यात फक्त ६७. एका निरोपाचे तीन झाले, बिल तिप्पट आलं आणि अधिकाऱ्याला मेमो मिळाला. बँका निरोपात रुपयाचं चिन्ह टाळून 'आर' आणि 'एस' का लिहायच्या, याचं एक कारण हे. राष्ट्राचं चलनचिन्ह लिहिणं राष्ट्राच्या चलनात परवडत नव्हतं.

हे सगळं मी घरी वडिलांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मूर्ख आहेत." त्यांची समीक्षा नेहमीच माझ्यापेक्षा आटोपशीर असे. वडील तारमास्तर. तीस वर्षं कड्‌-कट्ट करण्यात गेली. शब्दागणिक पैसे घेणाऱ्या खात्यात जन्म गेल्यामुळे ते घरातही विभक्तिप्रत्यय जपून वापरायचे. त्यांचा आक्षेप १६० ला नव्हता, ७० लाही नव्हता. "तारेत अक्षर ऐकू आलं नाही, तर आम्ही समोरच्याला थांबवून पुन्हा मागायचो. न कळलेलं अक्षर कागदावर उतरवून दारात नेऊन द्यायचं नाही. आणि हे? प्रश्नचिन्हं देतात आणि वर 'पोचलं' म्हणून कळवतात!"

मला वाटतं, या वाङ्मयप्रकारावरची सगळ्यांत कडक टीका हीच आहे. यंत्राला मराठी येत नाही याचं दुःख नाही, माझ्या मॅनेजरांनाही येत नव्हती. पण येत नाही हे ते कुणाला सांगत नाही. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर शुद्ध मराठी, घेणाऱ्याच्या पडद्यावर प्रश्नचिन्हं, आणि मध्ये 'डिलिव्हर्ड' ची पावती. बँकेत एखादी रक्कम कुणाची ते कळलं नाही, तर आम्ही ती सस्पेन्स खात्यात टाकतो. पण मूळ व्हाउचर जपून ठेवतो. प्रश्नचिन्ह म्हणजे व्हाउचर जाळून टाकून केलेली सस्पेन्स एंट्री.

मोबाइलच्या आधी संगणकावर गप्पा मारायचे प्रोग्रॅम होते. काळा पडदा, त्यावर नुसत्या ओळी. त्यातला नामांकित 'आय. आर. सी.', फिनलंडमधल्या औलू गावच्या यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये सुरू केला. पुढे १९९३ साली त्याची नियमावली छापली गेली, ती मी चिरंजीवांकडून समजावून घेतली आहे. गप्पा कुठल्या यादीतल्या टोकनांत मारायच्या, हेच तिच्यात ठरवलेलं नाही! म्हणजे जगभरच्या लोकांना एका हॉलमध्ये बसवलं आणि टोकनांची यादी ज्याने त्याने घरून आणायची. शिवाय तिच्यात एक अजब कलम आहे : महिरपी कंस हे चौकटी कंसाचं लहान रूप समजावं. हे वाचून मला वाटलं, छपाईची चूक. पण नाही. फिनिश मंडळींच्या जुन्या यादीत या कंसांच्या टोकनांवर त्यांची स्वतःची ठिपकेवाली अक्षरं बसवलेली होती, मोठी एकीकडे, लहान दुसरीकडे. अक्षरं गेली, पण नातं नियमात राहिलं. आमच्या चाळीत दोन बिऱ्हाडं सोडून गेली तरी भांडण खोल्यांच्या नावावर चालू होतं, त्यातलाच प्रकार.

रशियनांकडे तर एकाच भाषेच्या तीन-तीन, चार-चार याद्या. एकाने एका यादीने लिहावं, दुसऱ्याने दुसरीने वाचावं, की पडद्यावर जे उमटे त्याला ते 'क्राकोझ्याब्री' म्हणतात. जपान्यांचा शब्द 'मोजिबाके', म्हणजे अक्षरांनी रूप पालटणं. यातला 'बाके' भुताखेतांच्या रूपं पालटण्याशी नातं सांगणारा आहे. मराठीत याला शब्द नाही. आमच्या कॅशियरने 'अक्षरांना बाधा झाली' असं सुचवलं, ते मला पसंत आहे. मात्र रशियनांच्या एका यादीला मी मनापासून दाद देतो. 'कोई-८' तिचं नाव. जुन्या यंत्रांना प्रत्येक टोकनातला आठवा बिट गिळायची खोड होती. या यादीच्या कर्त्यांनी रशियन अक्षरं अशी मांडली, की आठवा बिट गेला तर त्या जागी त्याच उच्चाराचं इंग्रजी अक्षर उरावं. म्हणजे नोट अर्धी फाटली तरी उरलेल्या तुकड्यावर नंबर वाचता यावा. फाटणार हे गृहीत धरून नोट छापणं, याला मी शहाणपणा म्हणतो.

याच रशियातल्या एका पाकिटाचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. पत्ता ई-मेलने परदेशी गेला, तिथे त्याला बाधा झाली, आणि परदेशातल्या माणसाने ती ठिपक्याटोप्यांची अक्षरं दिसली तशी पाकिटावर हाताने नकलून काढली. रशियन पोस्टातल्या लोकांनी ते पाकीट परत पाठवलं नाही. एकेक वेडंवाकडं अक्षर लावून त्यांनी खाली खरा पत्ता लिहिला. हे ऐकून वडील बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "शेवटी पोस्टाचीच माणसं." तार बंद होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. २०१३ च्या जुलैत बंद झाली.

मराठीला होणारी बाधा मात्र खास माझ्या धंद्यातली आहे. अलीकडे सगळे वापरतात ती यादी 'युनिकोड', आणि तिची टोकनं बांधून पाठवायची रीत 'यू. टी. एफ. ८'. ही रीत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावर ताटाखाली घालतात त्या कागदावर मांडली. रीत उत्तम आहे. तिच्यात आपल्या प्रत्येक टोकनाची तीन पाकिटं होतात. पण जुना प्रोग्रॅम ती तीन पाकिटं एक न समजता तीन वेगळी अक्षरं समजतो, आणि मधल्या पाकिटात त्याला काय दिसतं? चार काटे फुटलेलं एक वर्तुळ. ते चिन्ह 'कुठल्याही देशाचं चलन' या अर्थाचं आहे! आणि दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा किंवा मोडलेला पाय असला, तर मधल्या पाकिटात चक्क जपानी येन. 'नमस्कार' च्या सात टोकनांची एकवीस पाकिटं होतात, त्यांत सहा बेवारशी नाणी आणि एक येन. येन कशाबद्दल? 'स' चा पाय मोडल्याबद्दल. म्हणजे त्या पडद्यावर मराठीत कुणी नुसतं आडनावासकट नाव लिहिलं तरी परकीय चलनाचा गल्ला दिसायचा. इंग्रजी आणि मराठी शाळांच्या वादात हा मुद्दा अजून कुणी मांडलेला नाही.

काही बाधा इतक्या बारीक असतात की बाधा झाल्याचं कळतच नाही. आपला तो डोळ्याच्या पापणीसारखा आडवा 'र' घ्या, 'दऱ्या' मधला. तो लिहायची एक रीत अशी, की र, पाय मोडला, आणि त्यापुढे एक अदृश्य टोकन. त्याला रुंदी नाही, रूप नाही, ते फक्त सांधतं. जुने प्रोग्रॅम अदृश्य वस्तूंवर विश्वास ठेवत नसत, ते टोकन गाळून टाकत. मग दऱ्याखोऱ्यांतल्या 'दऱ्या' चा समुद्रातला 'दर्या' व्हायचा. पुतणीच्या लग्नात माझ्या भावाने संगणकावरून कार्यालयवाल्याला कळवलं, 'आचाऱ्यांना पहाटे चारला आणा आणि कांदे चिरायला बसवा.' पलीकडे सांधा गळाला, आणि निरोप पोचला तो 'आचार्यांना'. लग्नाला वधूपित्याचे संस्कृतचे गुरुजी येणार होते, सारा गाव त्यांना आचार्य म्हणतो. पहाटे चारला त्यांच्या दाराशी जीप उभी राहिली. गुरुजी काही बोलले नाहीत म्हणे. अंगरखा चढवला आणि आले. कांदेसुद्धा चिरले असते, पण तेवढ्यात वहिनी धावली. तोच अदृश्य सांधा हल्ली मोबाइलवरच्या आई-बाप-पोराच्या एकत्र चित्रात माणसं जोडायला वापरतात, आणि तिथे तो कुणी गाळत नाही.

आता शेवटची एक गोष्ट, आणि ती मला चिरंजीवांनी अलीकडेच शिकवली. प्रश्नचिन्हं आणि चौकोन यांत फरक आहे. मी दोन्ही एकच समजत होतो. निरोपात प्रश्नचिन्हं आली, तर वाटेतच अक्षरं जळाली, कितीही वर्षांनी पाहा, राखच. पण चौकोन आले, तर अक्षरं सुखरूप आहेत. फक्त या मोबाइलकडे ती काढून दाखवायला मराठी वळण नाही. चेक खरा, खात्यात पैसे आहेत, काउंटरवर नोटा नाहीत, एवढंच.

हे ऐकलं आणि मी उठून कपाट उघडलं.

२००९ साली वडील एकटेच काशीला गेले होते. आम्ही नको म्हणत होतो, ते ऐकेनात. निघताना त्यांना मराठी बटणांचा मोबाइल घेऊन दिला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला त्यांचा सक्त विरोध. 'के ए एल' म्हणजे काल, काळ की कळ, आणि 'काळ आला' असं वाचून कुणी दगावलं तर जबाबदार कोण, हा त्यांचा सवाल. तिसऱ्या दिवशी माझ्या मोबाइलवर त्यांचा निरोप आला होता. नुसते चौकोन. मी 'काहीतरी बटण दाबलं गेलं असेल' म्हणून सोडून दिलं. दोन दिवसांनी त्यांचा तिथल्या बूथवरून फोन आला. प्रकृती विचारली, गंगेला पाणी किती ते सांगितलं. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली, २०१६ साली गेले. तो जुना मोबाइल मात्र टाकवला नव्हता.

चिरंजीवांनी त्यातलं सिम कार्ड काढून दुसऱ्या फोनात घातलं. कार्डात चार-पाच निरोप शिल्लक होते. त्यातला एक उघडला.

'सुखरूप पोहोचलो. निरोप वाचता येतो का ते कळव.'

सवयीने मी मोजली. त्रेचाळीस टोकनं. सत्तरांतली सत्तावीस शिल्लक ठेवली होती.

"मग तुम्ही कळवलंत का?" चिरंजीवांनी विचारलं.

तो बूथवरचा फोन मला नीट आठवतो. ठेवता ठेवता वडील म्हणाले होते, "बाकी काही निरोपबिरोप?" आणि मी म्हटलं होतं, "छे, काही नाही."